कोसमटोल्याची मोजणी

अहेरी, २८ जुलै २००२

देवा,

पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळं ठीक हाय. तुयी माय काल बाजारात भेटली होती. कोणी चंद्रपूरकडं जाणारा दिसला की तुयासाठी सुकट पाठवते म्हणे. फोन तीन दिवसांपासून मेला हाय. दोन थेंब पडले की अहेरीची लाइन पहिले झोपते, तुले तर माहीतच हाय. म्हणून लिहून राह्यलो.

गोष्ट तुया यंत्राची हाय. कोसमटोल्याच्या मासोळी-बीज केंद्रावर ते बसवून महिना झाला. मासे मोजणारं यंत्र म्हणून पाह्याले सुरुवातीले जत्रा लागली होती. टीव्ही-रेडिओ खोलणाऱ्या माणसाले तू देखभालीचा साहेब करून टाकला, म्हणून आता शिव्याबी मीच खाऊन राह्यलो.

झालं असं. मोजणीवाली गुणाबाई सकाळी तिच्या पितळी गाळणीत माशाच्या पिल्लांचं बीज घेते, शिंपल्यानं चार-चारचे गंडे मोजते. पन्नास गंडे म्हंजे दोनशे, म्हंजे एक गाळणी. वीस वर्षांपासून तिचा हात तोच. ती गाळणी ती वरच्या टाकीत सोडते. मंग तुयं यंत्र व्हॉल्व्ह उघडते, बीज पाण्यासंग खालच्या पांढऱ्या ट्रेमधे पडते, कॅमेरा फोटो काढते, पडद्यावर आकडा येते अन् ट्रे पिशवीत उलटा होते. इथंवर मस्त. पण आकडा कधी दोनशे, कधी एकशे सत्तर, एकदा तर एकशे अठ्ठावन! चार-दोन इकडंतिकडं चालते बाप्पा, पण चाळीस मासे गेले कुठी? अन् मजा पाह्य, कमीच पडते. जास्त कधीच नाई.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष मनसारामभाऊ मले म्हणाले, "अकरम, यंत्र बिघडलं का माणूस बिघडला ते पाह्य." मले हे बोलणं आवडलं नाई. म्हणून लवकर सांग, काय तपासू? तुया प्रोग्रामच्या पडद्याचा कागद छापून सोबत जोडला हाय. मले तर ते चित्र विजेच्या खांबावरच्या तारांवाणी दिसते.

तुया उत्तराची वाट पाहणारा,
अकरम


ऊर्जानगर, १ ऑगस्ट २००२

प्रिय अकरम,

अरे, विजेचा खांब काय म्हणतोस! पॉलिटेक्निकमध्ये आपण ओळी लिहून प्रोग्राम करायचो, त्यात एक स्वल्पविराम चुकला की रात्र जायची. यात ओळी नाहीतच. पडद्यावर डबे मांडायचे. एक डबा व्हॉल्व्ह उघडतो, एक ठराविक सेकंद थांबून तो बंद करतो, एक फोटो काढतो, एक काळे ठिपके मोजतो. एका डब्यातली माहिती दुसऱ्याला द्यायची तर मध्ये तार ओढायची. बस्स. चित्र वाचता येणाऱ्या कोणालाही कळेल असं आहे.

घुग्घुसला कोळशाच्या पट्ट्यावर मी हाच प्रोग्राम बसवलाय. तिथे तो कोळशाचे खडे मोजतो, तिकडे मासे. ट्रक, धूळ, हादरे असूनही तिथे वर्षभर तक्रार नाही. तेव्हा डब्यांमध्ये चूक निघेल असं मला वाटत नाही. छापलेला कागद पाहिला, सगळं जागच्या जागी आहे.

तू हे तपास. ट्यूबलाइट लुकलुकते का? ट्रेवर बुडबुडे राहतात का? दोन मासे चिकटून असले तर यंत्र त्यांना एक धरतं, तेव्हा पाणी जरा जास्त सोड. आणि पडद्यावर वरच्या पट्टीत एक बल्बचं चित्र आहे, ते दाब. बल्ब लागला की प्रोग्राम हळूहळू चालतो आणि कुठल्या तारेतून काय जातंय ते डोळ्यांनी दिसतं. दहा-बारा खेपा तशा कर आणि कळव.

आता माझी बातमी. पंचवीस तारखेला चंद्रपूरला आपल्या समाजाचा मेळावा आहे, त्यात माझा सत्कार ठेवलाय. पेपरातही छापून येणार आहे, ढिवराच्या पोरानं मासे मोजणारं यंत्र केलं म्हणून. आईला घेऊन तू यायचंस. नजमावहिनींनाही आण. पहिल्या रांगेत बसवतो.

गुणामावशीला माझा नमस्कार सांग. लहानपणी तिनंच मला गंडे मोजायला शिकवले. आता यंत्र तिचा भार हलका करतंय म्हणाव.

तुझा,
देवानंद


अहेरी, ६ ऑगस्ट २००२

देवा,

सत्काराचं ऐकून नजमानं खीर केली. येतोच आम्ही, त्यात इचारणं काय!

आता तुया बल्बचं सांगतो. ट्यूबलाइट नवी टाकली, बुडबुडे नाईत, पाणी वाढवलं. आकडा तसाच कमी. मंग बल्बचं बटन दाबलं. कसम से यार, तारेतून ठिपके मुंग्यांवाणी चालत जातेत, पाहातच राहावं वाटते. मी, मनसारामभाऊ, संस्थेतले इसरू, लालसू, सगळे कॉम्प्युटरभोवती उभे. गुणाबाई गाळणीनं बीज सोडत होती. अकरा खेपा केल्या. अकराच्या अकरा बरोबर! १९९, २०१, २००, असेच.

बल्ब विझवला अन् आम्ही चहा घ्याले तळ्याच्या पाळीवर गेलो. गुणाबाई अन् यंत्र तेवढं मागं राह्यलं. परत येऊन पाह्यतो तर १६४, १७१, १६०.

सगळ्यांच्या मनात एकच आलं. चार माणसं पाह्याले उभी राह्यली की आकडा बरोबर, माणसं हटली की चाळीस मासे गायब. यंत्र बिघडलं असतं तर कधी जास्तबी दाखवलं असतं ना? नेहमी कमीच काऊन? मनसारामभाऊनं तिले सगळ्यांसमोर इचारलं, तर ती भडकली, "वीस वर्षं माया हातानं मोजलं, आता मी चोर झाली का?" भाऊ हळूच म्हणाले, खाईन त्याले खवखवन. तिच्या घरामागं लहान तळ्यावाणी बोडी हाय, तुले माहीत हाय. यंदा त्या बोडीत बीज लय दिसून राह्यलं म्हंतेत.

मले तरी खरं वाटत नाई देवा. पण डोळ्यांनी पाह्यलेलं कसं नाकारू? तुयी माय म्हणाली, माया पोराचं यंत्र खोटं नाई बोलत. तिनं असं म्हटलं तवा गुणाबाई तिच्याकडं पाह्यत राह्यली. दोघी चाळीस वर्षांच्या मैतरणी.

संस्थेनं मले यंत्र तपासल्याचा कागद लिहून मागतला हाय. मी म्हटलं, देवानंदले इचारल्याबिगर सही नाई करत. तवा छातीवर हात ठेवून सांग, यंत्रात कुठीच खोट नाई ना? तू नाई म्हटलं तर मी डोळे मिटून सही करतो. पंधरा तारखेले पंच बसणार हाय, त्याच्या आधी उत्तर पाठव.

अकरम


ऊर्जानगर, १० ऑगस्ट २००२

अकरम,

पत्र मिळालं. घाईत लिहितोय, घुग्घुसला जायचं आहे.

यंत्रात मोठी खोट दिसत नाही. सोबत एक सीडी पाठवतो, त्यात प्रोग्राम थोडा साफसूफ केला आहे. ती टाक आणि जुना पुसून टाक, उगाच दोन-दोन ठेवून घोळ होतो. माणसांबद्दल मी इथून काय बोलणार? कोणावर आळ घेऊ नका एवढंच म्हणेन. नवीन सीडीनंतर सगळं सुरळीत होईल असं वाटतं.

मेळाव्याची पत्रिका छापून आली आहे, एक सोबत ठेवली आहे.

देवानंद


अहेरी, १९ ऑगस्ट २००२

देवा,

तुयी सीडी चौदाले आली. पंधराले सकाळी झेंडा अन् दुपारी पंच, म्हणून लावाले जमलं नाई, दुकानात पडून राह्यली. तुया पत्रात खोट नाई असं होतं, तेवढ्यावर मी कागदावर सही केली. यंत्र तपासले, बरोबर आहे, अकरम शेख.

तुमच्या समाजात बीज चोरल्याचा आळ आला की शपथ कशी घ्यावी लागते ते मी पहिल्यांदा पाह्यलं. गुणाबाईले तळ्यात गुडघाभर पाण्यात उभं केलं, खांद्यावर तिचं जाळं. ओंजळीत पाणी धरून म्हणाली, "एक मासा जरी नेला असन तर ह्या पाण्यानं मले पुन्हा जवळ करू नये." लोकांले वाटलं चला, शपथ घेतली, संपलं. दोन-चार बाया तर रडल्या.

पण सोळाले मी तुयी सीडी टाकली. गाळणीवर त्या दिवशी रोशनीले बसवलं, इसरूची सून. बल्ब बंद, कोणी पाह्याले नाई. बावीस खेपा, बावीसच्या बावीस बरोबर! सतराले पुन्हा तेच. गुणाबाई हटली अन् आकडा जुळला, मंग कोण काय बोलणार? शपथ खोटी घेतली म्हणून आता गाव तिच्यावर थुंकून राह्यलं. चोरी माफ होते रे, खोटी शपथ होत नाई. तिचं जाळं तिच्या हातून घेऊन पाळीवरच्या बेहड्याच्या झाडावर टांगलं हाय. तळ्यात पाय टाकायची तिले बंदी. तुयी माय तिच्या दारावरून जाते, पण थांबत नाई.

मी सही केली ती बरोबरच केली म्हणा, पण घास गोड लागत नाई. नजमा म्हंते, जाऊ द्या, चोर तो चोर. तू काय म्हंतो?

सत्काराले येतो.

अकरम


अहेरी, ५ सप्टेंबर २००२

देवानंद,

सत्कारात तू मायाशी धड बोलला नाई. मले वाटलं, गडी मोठा झाला. शाल घेताना तुया चेहऱ्याकडं पाह्यलं मी, अंगात ताप असल्यावाणी दिसत होता. मागच्या पत्राचं उत्तरबी नाई.

आता मी तुले एक काम सांगतो, ते खरं-खोटं कर.

तू जुना प्रोग्राम पुसाले सांगतला होता. मी कायबी पुसत नाई, दुकानात तीस वर्षांपूर्वीच्या व्हॉल्व्ह पडून हायेत रेडिओच्या. नवा अन् जुना, दोन्हीचे कागद छापले अन् काचेवर एकावर एक ठेवून उजेडात धरले. शिकावं म्हटलं, एवढीच इच्छा होती. सगळं सारखं. फक्त एक तार जास्त. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या डब्यातून फोटोच्या डब्याकडं जाणारी. जुन्यात ती नव्हती. ते दोन डबे नुसते शेजारी-शेजारी होते.

मंग रविवारी केंद्र बंद असताना चावी घेऊन मी एकटा गेलो. जुना प्रोग्राम लावला, बल्ब विझवला. दोनशे मासे मी स्वतः मोजले, तीनदा. मायाच हातानं टाकीत सोडले. आजूबाजूले कुत्रंबी नव्हतं. आकडा आला १६३.

पुन्हा केलं. १७०. पुन्हा. १५९.

दहा खेपांमधे मीच चोर निघालो देवा.

मंग बल्ब लावला. दोनशे. तूच मले सांगतलं होतं, बल्ब लावला की प्रोग्राम सावकाश चालते. आकडा जुळत होता तो माणसं उभी राह्यली म्हणून नाई, सावकाश चाललं म्हणून. हे मले आता समजलं, मी रेडिओवाला हाव. तुले कवा समजलं?

खरं लिहून पाठव. गोड नको.

अकरम


ऊर्जानगर, ९ सप्टेंबर २००२

अकरम,

तुझं सहा ऑगस्टचं पत्र मला आठ तारखेला मिळालं. त्यात बल्बचं वाचलं आणि उभ्या-उभ्याच कळलं. पत्र संपायच्या आधी कळलं. त्याच संध्याकाळी इथल्या जुन्या कॉम्प्युटरऐवजी ऑफिसच्या नव्यावर चालवून पाहिलं, अगदी तुमच्यासारखाच आकडा पडला.

मी डबे डावीकडून उजवीकडे मांडले होते, पुस्तकातल्या ओळीसारखे. आधी व्हॉल्व्ह, मग थांबणं, मग फोटो. मला वाटलं, मांडले त्या क्रमानं चालतील. पण या प्रोग्रामला डावं-उजवं काही कळत नाही. त्याला फक्त तार कळते. ज्या डब्यात तार येत नाही तो कोणाची वाट पाहत नाही. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याला जागं व्हायलाच सहा-सात सेकंद लागायचे, तेवढ्यात पाणी येऊन थांबायचं आणि सगळं जमून जायचं. घुग्घुसलाही तसाच जुना कॉम्प्युटर आहे. तुमच्याकडे योजनेतून नवा आला. तो व्हॉल्व्ह उघडून दोन-तीन सेकंद होत नाहीत तोच फोटो काढतो. मागचे तीस-चाळीस मासे तेव्हा नळीतच असतात. फोटो झाल्यावर ते ट्रेमध्ये पडतात आणि न मोजता पिशवीत जातात. चोरी कुठेच नव्हती. घेणाऱ्यांना मासे पूर्णच मिळत होते.

ही चूक पहिल्या वर्षाच्या पोरानं केली असती तर मी त्याला हसलो असतो.

चूक झाली त्याची लाज वाटते, पण ती लाज मी पचवली असती. त्यानंतर जे केलं ते कसं लिहू? पत्रिका छापून झाली होती. पेपरवाला फोटो घेऊन गेला होता. मी विचार केला, तार जोडून गुपचूप सीडी पाठवू, आकडा जुळेल, गुणामावशीही सुटेल आणि माझंही झाकलं जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना. ती सीडीच तिच्याविरुद्ध पुरावा होईल हे माझ्या टाळक्यात आलं नाही. तुझं एकोणीसचं पत्र वाचलं तेव्हा मी शाल घेतली नव्हती अजून. चार दिवस हातात होते. चंद्रपूरहून अहेरीची यष्टी सकाळी निघते, दुपारी पोचते. मी बसलो नाही.

स्टेजवर आई माझ्याकडे बघून रडत होती. मला वाटत होतं, कोणीतरी उठावं आणि माझ्या तोंडात मारावी.

सोबत संस्थेच्या नावानं वेगळा कागद लिहिला आहे, सही करून. चूक माझी, गुणाबाई निर्दोष. तू तो सभेत वाचून दाखव. माझ्यात तिथे उभं राहायची हिंमत नाही रे.

देवानंद


अहेरी, १३ सप्टेंबर २००२

देवानंद,

तुया कागद परत पाठवून राह्यलो. मी वाचत नाई.

सही मीबी केली होती, तर मायी लाज मी माया तोंडानं सांगतो. काल मनसारामभाऊच्या दारात उभा राहून सांगतलं, मी न समजता सही केली. भाऊ म्हणाले, तू म्हंजे दुकानदार, यंत्र ज्याचं त्यानं येऊन बोलावं, नाईतर गाव म्हणन म्हातारीनं रडून अकरमले फितवलं. अन् ते बरोबर बोलले.

ती म्हातारी पाण्यात उभी राह्यली. तू निदान कोरड्या जमिनीवर उभा राह्य.

बावीस तारखेले रविवारी सभा बोलावली हाय. मी यष्टी स्टँडवर येतो घ्याले. नाई आला तर मले पुन्हा पत्र लिहू नको.

मले तुया राग नाई येऊन राह्यला, किळस येऊन राह्यली, अन् थोडी मायीबी. तू सांगतलं अन् मी मानलं. एक रुपयाचा रेडिओबी मी खोलून पाह्यल्याबिगर कोणाले देत नाई, अन् एका बाईची अब्रू न खोलता देऊन टाकली.

अकरम


ऊर्जानगर, २६ सप्टेंबर २००२

गुणामावशी,

साष्टांग नमस्कार. हे पत्र नजमावहिनींकडून वाचून घ्या.

रविवारी सभेत मी उभा राहिलो, यंत्राची चूक माझी असं सगळ्यांसमोर बोललो. मनसारामभाऊंनी बेहड्यावरून तुमचं जाळं काढून तुमच्या हातात दिलं. आईनं तुमच्या पायावर डोकं ठेवलं. इसरूकाकांनी तर माझी पाठ थोपटली, म्हणाले, पोरगा मोठ्या मनाचा, चूक कबूल करायला छाती लागते. सगळ्यांनी चहा घेतला. मला वाटलं, सुटलो.

मग तुम्ही मला घरी जेवायला नेलं. महिनाभर तुमच्या चुलीवर मासा शिजला नव्हता असं सून म्हणाली. त्या दिवशी तुम्ही तळ्यात जाऊन आणलेला पहिला मासा माझ्या ताटात वाढलात. अकरम शेजारी होता. वाढता-वाढता तुम्ही मला हळूच विचारलंत, "देवा, मी पाण्यात उभी होती त्या दिवशी तुले ठाव होतं का रे?"

मी म्हटलं, नाही मावशी, नंतर कळलं.

अकरमनं माझ्याकडे पाहिलं. तो नीट जेवला नाही. मी मात्र ताट साफ केलं.

मावशी, मी खोटं बोललो. मला ठाऊक होतं. आठ तारखेलाच कळलं होतं, तुम्ही पंधराला उभ्या राहिलात. मी सभेतसुद्धा तारीख टाळून बोललो. यंत्राची चूक सांगितली की लोक हळहळतात, पाठ थोपटतात. माहीत असून गप्प बसलो हे सांगितलं असतं तर कोणी चहा दिला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून अर्धंच बोललो आणि अर्ध्यावर शाबासकी घेऊन आलो.

चार दिवस झाले, मला अन्न जात नाही. तोंडात तुमच्या घरच्या रश्श्याची चव आहे आणि मला स्वतःची शिसारी येते. मी चांगला माणूस आहे असं मला आजवर वाटायचं. भित्रा असेन, पण चांगला. तसं नाही मावशी. मी शाल, फोटो आणि टाळ्या यांच्यासाठी तुम्हाला पाण्यात उभं राहू दिलं.

हे पत्र पंचांसमोर वाचायला लावा. मनसारामभाऊंना द्या, मेळाव्यातल्या लोकांना द्या, ज्याला द्यायचं त्याला द्या. तुम्ही सांगाल तेव्हा मी येतो आणि तुम्ही उभ्या होतात तिथे उभा राहतो. माफी मागायचं तोंड नाही म्हणून मागत नाही.

तुमचा अपराधी,
देवानंद


कोसमटोला, ६ ऑक्टोबर २००२

देवानंदले गुणाबाईचा आशीर्वाद. लिहिणारी नजमा. बाई सांगतात तसंच लिहिते आहे.

तुयं पत्र नजमानं दोनदा वाचलं. दुसऱ्या खेपेले मीच थांबवलं, पुरे म्हटलं.

तू जेवताना नाई म्हटलं, तवाच मले समजलं होतं. लहानपणीबी तू गंडे चुकवून खोटा आकडा सांगत होता, तवा असाच खाली पाह्यत होता. तरी म्या वाढलं. घरी आलेल्या माणसाच्या ताटातून कोणी मासा काढते का?

तू म्हंतो पंचात वाचा. मी नाई वाचू देत. तुयावर दया आली म्हणून नाई. दीड महिना मी चोर होती ह्या गावात. विहिरीवर गेली की बाया घागर उचलून बाजूले होत. नातू शाळेतून मार खाऊन ये. सुनेच्या भावाचं ठरलेलं लग्न अडलं. तुले पंचात उभा केला तर ते तुया एकट्याच्या डोक्यावर नाई बसत. तुया घरावर बसन, तुया बहिणीवर बसन. मले माहीत हाय ते कसं असते. मले माहीत नसतं तर वाचलं असतं.

नजमाले म्या कसम घातली हाय, अकरमलेबी. ते बोलणार नाईत.

मोजणीवर मी पुन्हा बसून राह्यली. यंत्र चालू हाय, आकडा जुळते. कोणी माया आकडा यंत्राशी पडताळून पाह्याले लागला की अंगावर काटा येते अजून, पण बसते. तू पुन्हा यंत्र पाह्याले आला तर केंद्रावर ये, काम कर, जाय. माया घरी येऊ नको. जेवू घालणं आता माया हातून होणार नाई, अन् दारातून परत पाठवणंबी होणार नाई. म्हणून येऊच नको.

एक गोष्ट राह्यली. तुयी माय रोज दुपारी मायाकडं येऊन बसते. मायावर आळ आला तवा तुया बाजूनं बोलली म्हणून तिले लाज वाटते, अन् रोज तेच सांगते, गुणा, माया पोराले तवा ठाव नव्हतं व, ठाव असतं तर धावत आला असता. मी सुपारी कातरून देते तिले.

गावाले म्या सांगत नाई. पण तिच्यासंग रोज बसून खोटं ऐकणं मले जड जाते. तिले म्या सांगणार नाई, देवा. तिले तू सांग.